बायकोचं कोपर

बायकोचं कोपर ही आपली खाजगी मालमत्ता आहे, अशी माझी समजूत होती. माझी नजर गेल्यावर प्रशिक्षण केंद्रात आम्हा दोघांना शिकवलं होतं: मी तिच्या कोपराच्या जरा वर धरायचं, अर्धं पाऊल मागे राहायचं. डोक्याला लागेल असं काही आलं, की तिने ‘वाका’ म्हणायचं. पुढे मी पांढरी काठीही शिकलो. मग काय, दिल्लीत आमच्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये भेटेल त्याला ऐकवायचो, काठी हातात असली की आपल्याला कुणी लागत नाही यार. ती फुशारकी अंगाशी आली.

आमच्याच ब्लॉकमध्ये नागपूरकडचे एक गृहस्थ राहायचे. साखरेच्या दुखण्याने त्यांची नजर नुकतीच गेली होती. मुलांच्या शाळेपायी कुटुंब तिकडेच, आणि काठीला यांनी अजून हात लावला नव्हता. आवाज माझ्या बगलेच्या उंचीवरून यायचा, पण काय गोड आवाज! संक्रांतीला मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबला निघाली, त्यात तेही होते. तिथे उतरल्यावर बायकोने सरळ त्यांना आपला हात धरायला सांगितलं. मी म्हटलं, आणि मी?

“तुम्हाला काठी आहे ना,” ती म्हणाली. “तुम्हीच सांगता, कुणी लागत नाही.”

झालं. ती दोघं पुढे, मी मागे. लढाईचं स्मारक कसं आहे, भोवती बाग कशी आहे, सगळं ती त्यांना रंगवून सांगत होती. माझ्याशी बोलते ती गॅस सिलिंडरबद्दल. हे आपले “हो का वहिनी? अच्छा!” आणि ती चक्क हसत होती. मधेच ‘वाका’ म्हणायची, तेही त्यांनाच; सवयीने मागे मीही वाकायचो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणीतरी हातावर तिळगूळ ठेवून गोड बोला म्हणालं, तो मी कडाकडा चावून खाल्ला. काठीने चालताना कान काठीकडे हवा. माझा कान त्या दोघांकडे, त्यामुळे सरळ मेंदीच्या कुंपणात घुसलो. तिने वळूनही पाहिलं नसणार.

जेवायला सतरंजीवर आम्हा दोघांना शेजारी बसवून ती ताटं आणायला गेली.

“तुम्ही फार उंच आहात का हो?” त्यांनी विचारलं.

मी तुसडेपणाने म्हटलं, सहा फुटांच्या वर. का?

“वहिनी दर झाडाखाली मला वाका म्हणायच्या. मी आपला वाकायचो. कंबर धरली माझी. शेवटी एकदा हात वर करून पाहिला, तर फांदी माझ्या डोक्याच्या चांगली वीतभर वर.”

मी कपाळावरून हात फिरवला. डोळे गेले तेव्हा सुरुवातीला माझ्या कपाळावर रोज नवं टेंगूळ असायचं. ती टेंगळं कधीच बंद झाली होती. मला वाटायचं, मी हुशार झालो.

परत निघताना त्यांना बसमध्ये बसवून ती खाली माझ्याकडे आली. मी काठीची घडी करून पिशवीत टाकली आणि तिचं कोपर धरलं. बसच्या दारात ती म्हणाली, “वाका.” मी वाकलो, आणि वर चढेपर्यंत वाकलेलाच राहिलो.