अळ्यांना जेवू घालणारी आत्या

शेतकऱ्याच्या वैऱ्याला पोटच्या पोरासारखं वाढवणारी बाई अख्ख्या मुंबईत एकच असेल, आणि ती म्हणजे माझी आत्या. अंधेरीच्या एका खासगी प्रयोगशाळेत ती घाटेअळ्या पाळायची. कीटकनाशकं तपासायला निरोगी, एका वयाच्या अळ्या बारा महिने लागतात. शेतातून मिळतील तशा वेचून आणून भागत नाही. म्हणून हरभऱ्याचं पीठ, यीस्ट आणि जीवनसत्त्वं अगरच्या गरम पाण्यात घोटायची, थंड होऊन खरवसासारखं घट्ट झालं की वड्या पाडायच्या आणि एकेका अळीला एकेक वडी वाढायची, हे तिचं काम. नोकरीच्या सुरुवातीला मी मुलुंडला तिच्याकडे राहत होतो, तेव्हा घरचा स्वयंपाक काका करायचे. "दिवसभर ढवळून येते रे मी," आत्या म्हणायची, "आता घरीपण ढवळू?"

जगातली सगळी माणसं तिला अळ्यांच्या मापानेच कळत. माझं एका मुलीशी फिसकटलं आणि मी दोन घास खाऊन उठायला लागलो, तेव्हा काका काळजीत पडले. आत्या शांतपणे म्हणाली, "त्याला हात लावू नका. कात टाकतोय. कात टाकताना खात नाहीत." अळ्यांचे पतंग झाले की त्यांना अंडी घालायला मऊ मलमल लागायची. ती स्टेशनजवळच्या दुकानातून कापड घ्यायला गेली की दुकानदार कौतुकाने विचारायचा, "ताई, घरी बाळंतीण आहे वाटतं?" आत्या कापड बोटांत चोळून बघत म्हणायची, "बऱ्याच जणी आहेत."

हे कौतुक मालवणला तिच्या सासूबाईंपर्यंत पोचलं नव्हतं. गणपतीत सून विसर्जनाआधीच मुंबईला पळते, का, तर अळ्यांना सुट्टी नसते, हे त्यांच्या गळी कधी उतरलं नाही. अशात त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलुंडला आल्या, आणि ऐन मे महिन्यात प्रयोगशाळेतला एसी बंद पडला. दुरुस्तीवाला लगेच येईना. उकाड्यात अळ्या पटापट मरतात. आणि ही जात गेली तर इतक्या वर्षांच्या चाचण्यांचा धागाच तुटणार. आत्या साहेबांना विचारून, अळीगणिक वेगळा खण असलेले झाकणबंद ट्रे टॅक्सीत घालून घरी घेऊन आली. घरात एसी एकाच खोलीत, आणि त्या खोलीत एका डोळ्याला हिरवी पट्टी लावून सासूबाई. मी त्यांना आजी म्हणायचो.

"ह्यां काय हाडलंस?" आजींनी विचारलं.

"आई, थोडे दिवस. झाकणं पक्की आहेत."

"आमी वालीवरचे हेच किडे जल्मभर चिरडलंव. आणि तू तेंका वड्ये करून घालतंस?"

आत्या ट्रे मांडत राहिली. थोड्या वेळाने आजींनी विचारलं, "प्रत्येकाक येगळी खोली कित्याक?"

"एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात."

"म्हणजे भाऊबंदच," आजी म्हणाल्या, आणि कुशीवर वळून झोपल्या.

पट्टी निघाली तशा त्या पलंगावर बसून ट्रे न्याहाळू लागल्या. नवी नजर आणि समोर बघायला फक्त अळ्या. कुठली खाते, कुठली रुसलीय, हे आत्या कामावरून आली की तिला सांगू लागल्या. एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला हाक मारली. कोषातून एक पतंग बाहेर पडत होता. भिजल्या कापडासारखे पंख हळूहळू सरळ होत होते. आम्ही सगळे ट्रेवर वाकून बघत होतो.

"मी किडोच बघललंय गो," आजी म्हणाल्या. "पाखरू होईसर कधी ऱ्हवाकच दिलंय नाय."

एसी दुरुस्त झाला, ट्रे परत गेले, आजीही गावी गेल्या. पण त्यानंतर त्यांचा फोन आला की पहिली चौकशी ट्रेमधल्यांची असायची, मग मुलाची.

पुढे ती प्रयोगशाळाच बंद करायचं ठरलं. अळ्या कुणी घेईना, आणि पिकावरची कीड बाहेर सोडून देता येत नाही. सगळ्या ट्रेंची रवानगी डीप फ्रीजरमध्ये. सहकारी म्हणाले, मॅडम, आम्ही करतो. आत्याने स्वतःच केलं. घरी आली, पर्स न ठेवताच खुर्चीत बसली आणि तिने मालवणला फोन लावला. आजींना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या फोनवर ओरडूनच बोलायच्या, आणि पलीकडचं सगळं आम्हालाही ऐकू यायचं.

"आई, आज संपवलं सगळं."

आजी म्हणाल्या, "शेवटचां काय घातलंस तेंका?"

"सकाळी ताज्या वड्या केल्या होत्या."

"बरां केलंस." मग त्यांनी विचारलं, "आणि तू जेवलंस?"

काकांनी तिच्या हातातून पर्स काढून घेतली आणि तिच्यासाठी पान वाढायला ते आत गेले.