दादाचं नाव

“काय पावणं, जेवान झालं का?” असं म्हणत ते माझ्या टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरीच्या खोलीच्या, खिडकीत दोन्ही कोपरं टेकून उभे राहायचे. उत्तराची वाट न बघता स्वतःच पुढं सांगायचे, “आमचं झालं. आज पोरीनं झुणका केलता.”

आमच्या कोल्हापूरकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. पण हे गृहस्थ फौंड्रीत माझ्याही आधीपासून होते. शिवाजी पेठेत माझ्या घरापासून दोन बोळ सोडून राहत होते. तरी मी त्यांना पावणंच. मालक पावणं, गेटवरचा वॉचमन पावणं, काल भरती झालेला पोरगाही पावणं. शेवटी सगळ्यांनी तोच शब्द त्यांना परत केला. हजेरीपटावरचं त्यांचं नाव फक्त मी वाचत असे. बाकी फौंड्रीला ते पावणं म्हणूनच माहीत होते, म्हणून इथंही मी तेच म्हणतो.

ओतून निघालेल्या लोखंडी कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासून साफ करायचं त्यांचं काम. पाळी संपली की डोळे आणि दात सोडून सगळा माणूस काळा. नळावर साबण लावून ते इतका वेळ तोंड धूत, की मागची रांग शिव्या घालायची. “घरात पोरगी हाय. तिनं काका म्हणून वळखाय नगं?” असं म्हणून ते परत साबण लावत.

ही पोरगी म्हणजे त्यांची पुतणी. पावण्यांना मूलबाळ नव्हतं. थोरल्या भावाची मुलगी शिकायला म्हणून कागलजवळच्या गावाहून त्यांच्याकडं आली आणि त्यांचीच होऊन गेली. बारावीच्या निकालादिवशी पावण्यांनी निकाल लागायच्या आधीच सगळ्या खात्याला पेढे वाटले. मी म्हटलं, “अहो, निकाल तर लागू दे.” तर म्हणाले, “ती आमच्यावर गेलेली न्हाय. दादावर गेलीया. पास हुणारच.” आणि ती चांगल्या मार्कांनी पास झालीही.

दादा म्हणजे तो थोरला भाऊ. गावाकडं शेती आणि चार म्हशी. पावण्यांच्या बोलण्यात दिवसातून दहादा दादा यायचे. दादा दहावी एका दमात पास झालेला, दादानं म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन दवाखाना गाठलेला, दादाच्या आवाजानं अख्खं शिवार जागं होतं. दादा कधीमधी गावाकडचं काही द्यायला फौंड्रीवर येत. आत निरोप पोचायच्या आत पावणं हातातलं काम टाकून पळत सुटत आणि त्यांना गेटपासून लांब, टपरीवर घेऊन जात. वॉचमनशी दादांना दोन शब्द बोलू देत नसत. भावाला आपलं काळं तोंड दिसू नये म्हणून करतात, असं मला वाटायचं. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला ते असेच खिडकीत आले. पण जेवणाचं विचारलं नाही. जरा वेळ सळईवरचा रंग नखानं खरवडत राहिले आणि म्हणाले, “पावणं, एक इचारायचं हुतं. घरातल्या माणसाचं नाव कुणी चोरलं, तर काय करायचं आस्तं?”

मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. हकिगत अशी होती. पुतणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. शिक्षणाच्या कर्जासाठी दादा बँकेत गेले. बँकेनं पॅन कार्ड मागितलं. दादांनी ते कधी काढलंच नव्हतं, म्हणून अर्ज भरला, तर तो परत आला. त्याच नावाचं, त्याच वडिलांचं, त्याच जन्मतारखेचं कार्ड आधीच कुणाच्या तरी हातात होतं. एवढंच नाही, त्या कार्डावर कोल्हापुरात घरासाठी कर्जही काढलेलं होतं. बँकेतल्या बाईंनी दादांना सांगितलं, की कुणीतरी तुमचं नाव वापरतंय, पोलिसात जा.

पेपरात असल्या फसवणुकीच्या बातम्या मी आवडीनं वाचत असे. त्यामुळं मला सगळं ठाऊक होतं आणि ते सांगायची हौसही होती. बँकेला लेखी कळवा, म्हणजे नवं काही निघणार नाही. दादांच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. आधारवरचा अंगठ्याचा ठसा लॉक करून ठेवा. कार्डाच्या ऑफिसला तक्रार करा, पण सगळ्यात आधी पोलिसांत अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि ती कुठंही हरवू नका. मी बोलत होतो, पावणं मान हलवत होते. शेवटी मी म्हटलं, “आणि असल्या माणसाला सोडू नका. दुसऱ्याच्या घरादाराचं वाटोळं करतात हे लोक.”

“व्हय,” ते म्हणाले. “सोडाय नगं.”

मग आठवडाभर पावणं पाळी बदलून घेऊन दादांबरोबर फिरले. बँकेत गेले, कार्ड काढून देणाऱ्या केंद्रावर गेले, झेरॉक्सच्या रांगेत उभे राहिले. दादांची पिशवी हेच धरत, चहाचे पैसे हेच देत. रोज दुपारी येऊन मला सांगत, आज इथं गेलतो, आज तितं गेलतो. चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, पोरीच्या प्रवेशाची मुदत जवळ येते आहे, त्याची काळजी. पोलीस ठाण्यात जायच्या दिवशी म्हणाले, “तुमी चला की संगं.”

दादांना मी जवळून पाहिलं ते त्या दिवशी. ठाण्यात जायचं म्हणून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आवाज खरोखरच मोठा. ठाण्यात सगळे हळू बोलत होते आणि हे हवालदारांना शेताच्या बांधावरून सांगितल्यासारखं सांगत होते. हवालदारांनी अर्ज घेतला आणि वरचं नाव मोठ्यानं वाचलं.

ते नाव मी रोज वाचत होतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. हजेरीपटावर पावण्यांच्या पुढं तेच होतं.

मी पावण्यांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांत धरून जमिनीकडं बघत बसले होते.

हवालदारांनी विचारलं, “संशय कुणावर?”

दादा हसले. म्हणाले, आम्ही कुणाचं वाईट केलं नाही, आमचं वाईट कोण करणार? भावकीत भांडण नाही, गावात दुष्मन नाही. मग पावण्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “हा माझा धाकटा. हाच हुडकालाय माझ्यासंगं. ह्याला इचारा.”

“साहेब,” पावणं म्हणाले, “ते कार्ड माझ्याकडं हाय.”

पहिल्यांदा दादांना कळलंच नाही. त्यांना वाटलं, भावाला ते सापडलं. “कुटं घावलं रे?” असं त्यांनी आनंदानं विचारलं. पावण्यांनी खिशातून पाकीट काढलं, कार्ड टेबलावर ठेवलं. त्यावर फोटो त्यांचा होता. दादांनी ते उचलून डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मग टेबलावरचा आपला अर्ज घेऊन घडी घातली.

“साहेब, ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. “घरातच हुतं.”

हवालदारांनी एकदा ह्यांच्याकडं, एकदा त्यांच्याकडं पाहिलं. कार्ड जिथलं तिथं जमा करा, नाहीतर पुढच्या वेळी मी ऐकणार नाही, असं बजावलं आणि पेन खाली ठेवलं.

बाहेर आल्यावर दादा रस्त्याच्या कडेला थांबले. मी जरा लांब उभा राहिलो, पण ऐकू आलंच. पावण्यांनी खाली मान घालून सांगितलं, की नोकरीला लागताना दादांचाच दहावीचा दाखला दाखवला होता. कर्जाचं दादांनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “मागितला आस्तास तर दाखला दिला आस्ता की रं. पर आठ दिस माझ्यासंगं चोर हुडकत फिरलास?”

दादा एकटेच स्टँडकडं चालू लागले. पिशवी पावण्यांच्याच हातात राहिली.

सगळी गोष्ट पावण्यांनी मला त्या संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून सांगितली. दहावीला गणितात ते पुन्हा पुन्हा नापास झाले. फौंड्रीत कायम व्हायला दहावी लागत होती. वडिलांनी पेटीतला थोरल्याचा दाखला काढून हातात दिला. तो शेती बघतोय, त्याला दाखल्याचं काय लोणचं घालायचंय, असं म्हणाले. दादाला सांगू नको, असंही म्हणाले. पुढं वडील गेले. मग जे जे कागद निघत गेले, आधार, पॅन, पीएफ, ते त्याच नावावर. दर वर्षी वाटायचं, ह्या दिवाळीला गावाकडं गेलो की सांगू. दादा पुढ्यात आला की तोंडात गुळणी धरल्यासारखं व्हायचं.

“मग बँकेचं कळल्यावर लगेच का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगणारच हुतो,” ते म्हणाले. “पर तो आला आनि म्हणला, तूच हाईस बाबा आता, मला काय ह्यातलं कळत न्हाय. मग तोंडच उगाडंना.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मालकांकडं गेले आणि सगळं सांगून टाकलं. मालकांनी पोलिसांत दिलं नाही, पण कामावर ठेवणंही शक्य नव्हतं. मी टाइम ऑफिसचा माणूस. त्यांचं नाव हजेरीपटावरून मलाच काढावं लागलं.

कार्ड परत करायचं प्रतिज्ञापत्र आम्ही दोघांनी वकिलाकडं बसून केलं. खाली स्वतःच्या खऱ्या नावानं सही करायची होती. पावणं पेन धरून बसून राहिले. मग म्हणाले, “ह्ये नाव म्या शेवटचं परीक्षेच्या फारमावर लिवलंतं.” एका कोऱ्या कागदावर त्यांनी दोन-तीनदा गिरवून बघितलं आणि मग सही केली. ते दोन खोल्यांचं घर विकून कर्ज फेडावं लागलं. दादांचं नाव मोकळं व्हायला हिवाळा उजाडला.

पोरीचा प्रवेश मात्र वाचला. दादांच्या बायकोनं मार्ग काढला. आईच्या नावावर कर्ज मिळतं का, असं तिनं बँकेत विचारलं. मिळत होतं. तिनं आपलं कार्ड काढलं आणि मुदतीच्या आत सही केली. एवढी साधी गोष्ट मला कशी सुचली नाही, देव जाणे. मी चोर पकडायच्या नादात होतो.

पुतणी होस्टेलवर गेली. जाताना काकाच्या पाया पडली, पण बोलली नाही. तिचं सामान रिक्षात ठेवून पावणं बोळाच्या तोंडापर्यंत मागून चालत गेले. मी गॅलरीतून बघत होतो. घर रिकामं केलं तेव्हा पावण्यांची बायको माहेरी गेली आणि ते बेळगावला. तिथल्या एका फौंड्रीत रोजंदारीवर लागले. दहावी नापास, स्वतःच्या नावानं.

तिथून अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत मला फोन करतात. माझं विचारतात, पेठेतल्या सगळ्यांचं विचारतात आणि शेवटी, जाता जाता आठवल्यासारखं, “दादा बरा हाय न्हवं?” मी म्हणतो, “तुम्हीच फोन करून विचारा की.” “इचारतो की. जरा दम धरा,” असं म्हणून ठेवतात.

मागच्या महिन्यात दादा माझ्या घरी आले. ओल्या शेंगांचं गाठोडं दारात टेकवून म्हणाले, की निम्म्या तुम्हाला, निम्म्या त्याला पोचवा. बेळगावला कुठं राहतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. पत्ता देऊ का विचारलं, तर नको म्हणाले. “त्यो आला पायजे, मी जानार न्हाय.” पाणी पिऊन उठले आणि पायरीवरून वळून, सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “त्याला म्हणावं, मी शिव्या देनार हाय. पोटभर देनार हाय. पर ताटावर बसवून देनार हाय.”

फोन आला तेव्हा मी शब्दाला शब्द सांगितलं. पलीकडं ग्राइंडरचा आवाज चालू होता. कुणीतरी त्यांना हाक मारली. “आलो पावणं, दम धरा,” असं ते त्याला म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, “म्हणताना आवाज कसा हुता त्याचा? मोठा हुता?”

“मोठा होता,” मी म्हटलं. “शेजारची माणसं बाहेर आली.”

“मग बरा हाय त्यो,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

शेंगा मी एस.टी.नं पाठवल्या. पावणं गावाकडं अजून गेलेले नाहीत.