पाच दांड्यांचं उद्घाटन

सम्राट कुणाच्याही घरी गेला की आधी छताकडे बघतो. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन उभा, आणि हा मान वर करून बीमपासून पंख्याच्या हुकापर्यंतचं अंतर मोजतोय. पारनेरला सासरी गेला तेव्हा जावयाला कोळिष्टकं दिसली असं समजून सासूबाई बनुबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळं घर झाडून काढलं.

त्याचं कामच छताचं. मोठ्या इमारतींच्या भिंती जाड, तळघरं खोल, आत मोबाईलला रेंज नाही. मग गच्चीवरच्या अँटेनानं ती पकडायची, मशीननं वाढवायची आणि वायरींतून मजल्यामजल्यावर, छताला उपड्या टांगलेल्या पांढऱ्या वाट्यांपर्यंत पोचवायची. खरी मेख वाटणीत असते. पाटाच्या पाण्यासारखंच आहे ते, तोंडाशी मोकळं सोडलं की शेपटाकडचा बोंबलतो. म्हणून प्रत्येक वाटीची पातळी मोजून बसवायची, जवळची आवळायची, लांबची सैल करायची. यात सम्राटचा हात धरणारा नगरात कुणी नाही. खोट एकच होती. अकरा वर्षांत त्यानं एकाही गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. 'हो सर' म्हणायला त्याला श्वाससुद्धा घ्यावा लागत नसे.

सावेडीतल्या डॉक्टर रविकांतांच्या दवाखान्याचं काम त्याला पहिल्यांदाच एकट्याच्या जबाबदारीवर मिळालं. पाच मजले, आणि तळघरात रक्ताच्या पिशव्या ठेवायची खोली. तिथं लीनाताई बसायच्या. इंटरकॉम होता, पण बसवल्यापासून तो फक्त भिंतीची शोभा वाढवत होता. रक्त हवं झालं की वरून माणूस धावत यायचा, गट सांगायचा, आणि तो परत पोचेपर्यंत वरची मागणी बदललेली असायची. लीनाताईंचा फोन तळघरात वाजावा, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

तीन दिवस सम्राट छातीशी फोन धरून वॉर्डावॉर्डांतून फिरला. पेशंटांना वाटलं, व्हिडिओ काढतोय; दोघांनी तर केस विंचरून घेतले. शेवटी तळघरात फोन वाजला. स्क्रीनवर रेंजच्या दांड्या दोनच, पण आवाज खणखणीत. तो पहिला फोन नणंदेचा निघाला, तरीही लीनाताई खूश झाल्या, यावरून काय ते समजा.

डॉक्टर मात्र केबिनमध्ये आपला फोन न्याहाळत बसले होते. तीन दांड्या. दुसऱ्याच दिवशी या नव्या यंत्रणेचं उद्घाटन होतं, गावातले झाडून सगळे डॉक्टर येणार होते आणि यांनी प्रत्येकाला 'फुल्ल रेंज' सांगून ठेवली होती. पाच पाहिजेत, म्हणाले, मशीन वाढवा. मशीन अति वाढवलं की वाट्यांतून निघालेलं गच्चीवरच्या अँटेनालाच परत ऐकू जातं, आणि गणपतीच्या मांडवात स्पीकरसमोर माईक नेल्यावर जसं कुईं होतं तसं आपल्यासकट आसपासचं सगळं नेटवर्क बसून जातं. सम्राटला हे पुरतं ठाऊक होतं. तरी गडी 'हो सर' म्हणाला. याला काय म्हणावं? तीन दिवसांची मेहनत त्यानं तीन मिनिटांत मातीत घातली.

नारळ फुटला, पेढे वाटले, पाहुण्यांनी पाच दांड्यांचे फोटो काढले. ते कुणाला पाठवता मात्र आले नाहीत. दुपारपर्यंत दवाखान्यात एकाचाही फोन लागेना. गल्लीतले लोक चौकशीला येऊ लागले, कारण त्यांचेही फोन मेले होते. समोरचा झेरॉक्सवाला कानिफनाथ तर नारळच नासका निघाला असणार, असं सगळ्यांना सांगत सुटला.

वर ऑपरेशन चालू होतं, रक्त लागत होतं, आणि लिफ्ट पाहुण्यांनी अडवलेली. लीनाताई गुडघे धरत जिना चढून आल्या. ही त्यांची तिसरी खेप. पिशवी देऊन परतताना त्या सम्राटसमोर थांबल्या.

"काल दोनच होत्या, पण बोलत होत्या," त्या म्हणाल्या. "आज पाच आहेत, नि सगळ्या मुक्या. तुम्हीच केलंत ना हे, भाऊ?"

सम्राटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तडक केबिनमध्ये गेला. त्यानं तोंड उघडायच्या आतच डॉक्टरांनी फर्मान सोडलं, अजून वाढवा.

"न्हाई, साहेब." नकाराची सवयच नव्हती, त्यामुळे तो शब्द त्याच्याकडे फक्त लहानपणचा, गावाकडचाच होता. "न्हाई वाढवनार. तुमी एक गोळी लिहून दिली, अन् पेशंटनं आपल्या मनानं पाच घेतल्या, तर तुमी काय करता?"

"ॲडमिट करून घेतो," डॉक्टर सवयीनं बोलून गेले. मग त्यांनी हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

सम्राटनं खाली जाऊन मशीन मूळ पातळीवर आणलं. काम गेलं असंच त्यानं धरलं होतं. पाच मिनिटांनी लीनाताईंचा फोन वाजला, थेट ऑपरेशनच्या खोलीतून. त्यांनी गट विचारला, पुन्हा एकदा वदवून घेतला आणि फ्रीज उघडला. न्यायला माणूस येईपर्यंत पिशवी तयार होती.

संध्याकाळी कामाच्या दाखल्यावर डॉक्टरांनी शेरा मारला, सही केली आणि वर न बघता कागद पुढे सरकवला. अक्षर अर्थातच डॉक्टरी. सम्राटनं तो आडवा, उभा, उजेडात धरून पाहिला. शिवी आहे की शाबासकी, काही कळेना. शेवटी जीव मुठीत धरून तो खालच्या मेडिकलमध्ये बिभीषणकडे गेला. बिभीषणनं चष्मासुद्धा न लावता एका दमात वाचलं.

"डोस बरोबर आहे. वाढवू नये."

सम्राटनं त्याला पुन्हा एकदा वाचायला लावलं.