मालकांची जागा

आमच्या कॉलेजातल्या सरांना एकदा दुष्काळी भागातल्या बायकांचा अभ्यास करायची हुक्की आली. मदतनीस म्हणून मी. सोलापूरहून निघालेली एसटी अशी नाचली, की स्टँडवर प्यायलेला चहा सांगोल्यात उतरताना पोटात पुन्हा उकळला होता. सरांना त्याचं काही नाही. ते इतके विद्वान, की घोरायचे तेसुद्धा मुद्देसूद.

तिथून चालत एका वाडीवर गेलो. पहिलंच घर एका धनगर बाईंचं. आत कोरी करकरीत घोंगडी अंथरलेली. दमलेले सर तिच्यावर बसायला गेले.

"तितं नगा, सायेब! मालकांची जागा हाय ती."

सर अर्ध्यातच अडकले. तशाच अवघडल्या अवस्थेत त्यांनी विचारलं, "कुठं आहेत मालक?"

"मेंढरं घिऊन गेल्यात चारायला."

"कधी?"

"ही रांगत हुती तवा."

'ही' चुलीपाशी बसून आपल्या पोराला पाजत होती.

सर माझ्या कानाशी लागले. "लिही, परित्यक्ता."

शब्द बाईंना कळला नाही, सूर बरोब्बर कळला.

"काय म्हंत्यात ओ ते? टाकलेली म्हंत्यात व्हय मला? दरसाल नवी घोंगडी हातरत्ये मी. पाऊस न्हाय, चारा लांब गेलाय. यील की माणूस! टाकलेली म्हनायचं आसंल तर उठा हितनं."

मी म्हणालो, "सर, मालक चारायला गेलेत, असंच लिहितो."

"अरे, पण ते खरं आहे का?"

"नवरा त्यांचा आहे, सर. कुठं गेलाय ते त्यांनाच सांगू द्या की."

परतताना सर सोलापूरपर्यंत माझ्याशी भांडले. कंडक्टरनं तिकिटं फाडायची थांबवून निकाल बाईंच्या बाजूनं दिला, आणि अख्ख्या गाडीनं माना डोलावल्या, बकऱ्यांनीसुद्धा. स्टँडवर उतरताना सर पुटपुटले, "राहू दे तिच्याच शब्दांत."

आता माझ्या ओसरीवर एक वेताची खुर्ची असते. परवा शेजारी तिच्यात टेकायला गेले, तसा मी ओरडलो, "तिथं नको हो, बायको भाजीला गेलीय!"

तिच्या तेराव्याला हेच गृहस्थ पोटभर जेवून गेले होते. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "आज बाजाराला गर्दी बी लई हाय म्हणा."




फाटकाची कडी मी अजून लावत नाही.