सुनेची उलटी उडी

सून घरात आली तेव्हाच मी बजावलं होतं, या पाण्यातल्या माकडउड्या आता पुरे. तिने मुकाट ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी खांद्याला लावून पोहण्याच्या तलावावर गेली. मी तिला तोंडावर बेडकी म्हणायचे. पुढे बेडकीने दोनदा देशाचं अजिंक्यपद आणलं, तेव्हा शेजारणींना हाका मारून पदकं दाखवणारी मीच. असो.

तिची हुकमी उडी उलटी. स्प्रिंगबोर्डच्या लवचीक फळीवर तीन पावलं पुढे जायचं, उसळी घ्यायची आणि हवेत फळीकडेच मागे फिरायचं. दोन वर्षांपूर्वी त्यात तिचं डोकं फळीवर आपटलं. सात टाके पडले. मुलगा म्हणाला, आता बास. ती म्हणाली, टाके तर निघू देत.

टाके निघाले, पण तिसऱ्या पावलाला पाय अडायचे. मग तिने स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने फळी आखली. माझी भाजी फोडणीला, आणि ही मधूनच उसळ्या मारतेय! शेवटी वैतागून मीच पावलं मोजायला लागले.

यंदा राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत शेवटची उडी तीच होती. जमली नाही तर फळी कायमची सोडणार, असं ती घरातून निघतानाच म्हणाली होती. नियम असा, की निघून थांबलं तर गुण कापतात, पुन्हा थांबलं तर शून्य. ती निघाली आणि तिसऱ्या पावलाला थांबली.

मी पहिल्या रांगेत होते, दोन्ही हात डोळ्यांवर. टाके पडले त्या दिवसापासून तिची एकही उडी मी पाहिली नव्हती, नुसता पाण्याचा आवाज ऐकायचे. हे कुणाला ठाऊक नाही, असा माझा समज.

फळीवरूनच ती शांतपणे म्हणाली, "आई, हात खाली घ्या. तुम्ही बघा, मी उडते."

एवढ्या लोकांसमोर! लाज वाटली, रागही आला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले आणि मनात मोजलं. एक, दोन, तीन. ती थांबली नाही. डोकं फळीपासून चांगलं हातभर लांबून गेलं. पाणी उडालं ते ओंजळभर.

गुण कापूनही ती पहिली आली. सगळे उठून टाळ्या वाजवत होते. माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या, मला जरा उशीर झाला.