अंगणवाडीतच, मी म्हणालो

दर उन्हाळ्यात आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना पटसंख्येसाठी वस्त्यांवर फिरावं लागतं. माझी शाळा देवळाली प्रवरेच्या पलीकडे, उसाच्या मळ्यांमधली, दोन शिक्षकी. अंगणवाडीत मुलं टिकली तरच पुढे पहिलीचा वर्ग भरतो, म्हणून तीन वर्षांच्या मुलांच्या घरीही मी अंगणवाडीच्या बाईंबरोबर जायचो.

त्या वर्षी असेच आम्ही दोघं एका घरी गेलो. नवरा टेम्पो चालवायचा, बायको दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. इंग्रजी नर्सरीची गाडी आता वस्तीपर्यंत यायला लागली होती आणि तीन वर्षांच्या मुलीला तिकडे घालायचं नवऱ्याच्या मनात होतं. मी नेहमीचंच बोललो. या वयात मुलानं आपल्या भाषेत खेळावं, गाणी म्हणावीत, मातीत हात घालावेत. मला ते पटतही होतं.

मुलीच्या आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गुरुजी, तुमचं पोरगं केवढं हाय?"

"तीन वर्षांचं."

"त्याला कुठं घातलंय?"

"अंगणवाडीतच," मी म्हणालो. "घराजवळच्या."

पंधराच दिवसांपूर्वी मी त्याचा नर्सरीत प्रवेश घेतला होता. देवळालीत आमच्या घरापासून चार घरं सोडून एक अंगणवाडी होती आणि बायकोचं मन तिथेच होतं. पण बरोबरीच्या शिक्षकांची मुलं टाय लावून जात होती, मला मागे राहायचं नव्हतं. शेजारी बसलेल्या अंगणवाडीच्या बाईंना हे सगळं माहीत होतं. प्रवेशाचा पेढा मीच त्यांना दिला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून त्यांनी मुलीची जन्मतारीख लिहून घेतली.

मुलगी अंगणवाडीत यायला लागली.

जुलैमध्ये एका सकाळी मी मुलाला घेऊन नर्सरीच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर उभा होतो. शेजारी रिक्षा थांबली आणि त्या मुलीची आई तिला कडेवर घेऊन उतरली. दवाखान्यात आली होती. तिनं मुलाचे बूट पाहिले, टाय पाहिला, गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं.

"गोड हाय पोरगं," ती म्हणाली. "गाडी आली बगा तुमची."

त्या दिवशी वर्गात मी मुलांना नुसतं शुद्धलेखन दिलं आणि खिडकीपाशी उभा राहिलो. दोन दिवस कसेबसे काढले आणि ती खुरपत होती त्या रानाच्या बांधावर गेलो.

"ताई, मी तुमच्याशी खोटं बोललो."

तिचा हात थांबला नाही. "ते मला तवाच कळलं हुतं. बाईंचं तोंड बगितलं ना मी."

"तरी मुलीला तिथेच घातलं?"

"तुमच्या सांगन्यावरनं न्हाई घातलं. दोन दिस बाईंपाशी बसवून बगितली, रडली न्हाई, म्हनून घातली." तिनं पुढचं गवत उपटलं. "खरं सांगितलं असतं तरी मी तिथंच घातली असती, गुरुजी."

परत येताना वाटलं होतं की मुलाला नर्सरीतून काढावं. काढलं नाही. तो रुळला होता, हे कारण मी बायकोला दिलं आणि स्वतःलाही.

पुढच्या उन्हाळ्यात यादी घेऊन मी अंगणवाडीत गेलो. बाई मुलांना खिचडी वाढत होत्या.

"यंदा मी एकटीच फिरते, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही शाळेतलं बघा."

मी बरं म्हणालो.