पडद्यावरचा गुराखी

मंडई, म्हणजे आमची नाटकाची जत्रा, जवळ आली का पोट्टे मले पानठेल्यावर अडवतात. "आबाजी, पडद्याचे किस्से सांगा ना." मी काय रेडिओ आहो? पण हे किस्से गोवऱ्यांसारखे साचले आहेत. जो येते तो एक उचलते अन् गावभर उलटासुलटा सांगते. त्यापेक्षा मीच सांगतो.

*

आमच्या करडी गावच्या नाटकाले मागं लावाले नवा पडदा पाहिजे होता. तलाव, चरणारी ढोरं, गुराखी, असा सीन. श्रावण पेंटरनं गुराखी म्हणून मले म्हशीसंगं तलावाच्या पारीवर बसवलं. "हालू नका, आबाजी." मी हाललो नाही. म्हैस उठली अन् तलावात जाऊन बसली. पेंटरनं पाण्यावर नुसती दोन शिंगं काढली.

"बाकीची म्हैस कुठं आहे?"

"पाण्यात आहे ना."

*

गोविंदाले बैल विकायचा होता, पण बैलाचं एक शिंग वाकडं. पडद्यावरच्या ढोरांत तोही होता. गोविंदा पेंटरले म्हणे, "पडद्यावर तरी सरळ कर." पेंटरनं केलं. पडदा देवळासमोर वाळत होता. गिऱ्हाइकानं आधी तोच पाहिला, मंग गोठ्यात गेला अन् म्हणे, "हा नाही, तो पडद्यातला दाखवा."

*

पहिला प्रयोग. हिरो-हिरोइनचं प्रेमाचं गाणं लागलं. मागं पडद्यावर मी. अन् पेंटरनं डोळे असे काढले का हिरोइन जिकडं सरकन, तिकडं मी पाहून राहिलो! मंडपातून कोणीतरी म्हणे, "बुढ्या, ढोराकडं पाहा ना."

माही बायको भागरता पुढंच बसली होती. उठून घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून माह्या ताटात कोरडा भात. "आधी पडद्यावरून उतरा, मंग वरण वाढीन."

*

अड्याळच्या बाजारात दावं घ्याले गेलो. आमचा प्रयोग तिथंही झाला होता. दुकानदारीण म्हणे, "पोरीकडं टक लावून पाहणारे तुमीच ना?" दावं न घेताच परत आलो. घरी कोरडा भात.

*

शेवटी पेंटरले धरलं. "मले पुस."

"जागा रिकामी दिसन, आबाजी. तुमची म्हैस करतो."

केली. शिंगं लावली, डोळे मिटवले. माहा दुपट्टा अन् मिशी पुसाले पेंटर भुलला.

दिघोरीच्या प्रयोगाले भागरताले मुद्दाम घेऊन गेलो. स्टेजवर हिरोचा बाप मरून पडला होता, बाया डोळे पुसून राहिल्या होत्या, सारा मंडप चूप. भागरता पडद्याकडं पाहत म्हणे, "आता कसे हुबेहूब आले."

मेलेला बापही हासला.

पेंटरनं तिथंच माहे पाय धरून माफी मागितली. घरी आल्यावर ताटात वरण होतं, वरून झिंग्याचा रस्सा. माफी मात्र अजून मागितली नाही भागरतानं.